धुरपदाबाईंच्या डोळ्यातली विहीर

पट्टी निघाली की उजेड दिसेल, असं धुरपदाबाईंना वाटलं होतं. दिसलो मी. गोल, काळ्या काठाचा, थरथरणारा.

मी त्यांच्या उजव्या डोळ्यातला बुडबुडा बोलतोय.

माझा जन्म जळगावच्या एका इस्पितळात, सुईच्या टोकावर झाला. वर्षानुवर्षांच्या साखरेनं डोळ्यामागच्या पडद्यावर नको त्या नाजूक रक्तवाहिन्या माजल्या होत्या. त्या फुटल्या, रक्त साकळलं, आणि त्या जाळ्यानं पडदाच ओढून सोडवला. डावा डोळा असाच आधी गेला होता. डॉक्टर सुलक्षणाताईंनी आतलं गढूळ काढलं, पडदा जागेवर बसवला, लेसरनं डागला आणि रिकाम्या जागेत मला भरलं. ताई दूर शिकून आपल्या मुलखात परतल्या आहेत, एकही डोळा उगाच विझू द्यायचा नाही असा हट्ट धरून.

"डोळ्यात गॅस आहे," त्या म्हणाल्या. "तो वर चढतो. तुम्ही पालथं राहिलात तरच तो पडदा दाबून धरेल. नाहीतर पडदा पुन्हा सुटेल."

"पोटात होताच, आता डोळ्यातपण," मुलगा अभिमन म्हणाला. "ओवा चालेल का, मॅडम?"

सून दीपमाला हसली. धुरपदाबाई हसल्या नाहीत. उशीवर कपाळ टेकताच त्या ताडकन उठून बसल्या.

"मी पालथी निजाव नही. तठे झुंबर शे."

तठे म्हणजे तिथे, खाली. झुंबरबाई त्यांची धाकटी जाऊ. धरणगावच्या मळ्यातल्या विहिरीत पाय घसरून गेली. तेव्हापासून घरात दंडकच होता: विहिरीवर वाकायचं नाही, झुंबर बोलावते. पाणी शेंदायचं तेही मान फिरवून.

बाई बसल्या की मी नजरेच्या कडेला असतो. पालथ्या झाल्या की मधोमध येतो. मग त्यांना दिसतो गोल कठडा आणि खाली हलतं पाणी.

"आई, ती हवा आहे. मीच भरलीय," ताई समजावत होत्या.

"हवा नाव लिसन हाका मारस का?"

ताईंनी उशी पुन्हा पुढे सरकवली. हाक मीही ऐकली होती, आणि शपथेवर सांगतो, ती मी मारली नव्हती.

बाई दिवसभर भिंतीला टेकून बसून राहिल्या. मी डोळ्याच्या छताला लागून तरंगत होतो. मागे पडद्याची एक कड हळूच हलली. खालून पाणी चढत होतं. ते बाईंच्याच अंगाचं. ते थोडं थोडं येतं आणि मला थोडं थोडं खातं. हवा असूनही मला बुडण्याची भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई सुनेला म्हणाल्या, "उशी लाव वं."

"आई, भ्या नही वाटस?"

"वाटस. पन इतला वरीस तिनाकडे कोनीच देखं नही. मी देखस."

त्या पालथ्या झाल्या. मी वर चढलो आणि सुटू पाहणारी कड दाबून धरली.

"झुंबर," त्या उशीत पुटपुटल्या, "थंड शे का वं तठे?"

माझं आयुष्य आता थोडंच उरलंय. एकच विनवणी: मी विरेपर्यंत कुणी त्यांना उताणं करू नका. पडदा सुटेल. आणि बोलणं अर्धवट राहील.