घरटी एक माणूस

"आज परत खाडा केलात तर शेठ उद्या दारातनंच माघारी पाठवेल. मलाबी आन् तुमालाबी." विठा उंबऱ्यात आडवी उभी होती.

"आज पुनव हाय," फावडं गोणपाटात गुंडाळत बाळाजी म्हणाला. "उधाणाला हरिचंद्र एकटा काय करंल?"

"तुमी जाऊन तरी काय करता? बांध ऱ्हायलाय कुठं?"

विठ्ठलवाडीच्या चाळीत हे भांडण दर पुनवेला आणि अवसेला व्हायचं. खाडीकाठच्या त्यांच्या गावात रीतच होती, उधाण आलं की घरटी एक माणूस बांधावर. पण खाडी वर्षागणिक चढत गेली. बांध जागोजाग फुटला, भाताच्या शेतात तिवरं उगवली, विहिरी खारट झाल्या. एकेक घर उठलं. मागे उरला तो एकटा हरिचंद्र, आणि त्याची चूल तिथं पेटते आहे तोवर बाळाजी आपली पाळी चुकवायला तयार नव्हता. नवराबायको दोघंही कॅम्प तीनमधल्या जीन्सच्या कारखान्यात धागे कापत. शेठनं परवाच शेवटचं बजावलं होतं.

विठा हटली नाही. तेवढ्यात तिच्या पाठीमागून हाक आली, "बाळादा, हायस का घरात?"

हरिचंद्रच होता. डोक्यावर बोचकं, पोटऱ्यांवर वाळलेला चिखल.

"उधाण सोडून तू हितं?" बाळाजी दरडावून म्हणाला.

"काल चुलीत पानी शिरलं, दादा. आता राखायला काय उरलं नाय."

बाळाजीनं फावडं खाली ठेवलं. त्यानं हरिचंद्राच्या डोक्यावरचं बोचकं उतरवून घेतलं. विठानं तांब्या दिला. हरिचंद्र घटाघटा प्यायला आणि म्हणाला, "पानी ग्वाड हाय की वैनी तुमचं."

"नळाचं हाय. येतं तवा येतं," विठा म्हणाली.

"तिघांचा डबा भर," बाळाजी म्हणाला.

शेअर रिक्षातून तिघं कारखान्यात पोचले.

"क्या बाबा, आज पूनम को? रस्ता भूल गया क्या?" शेठनं टोमणा मारला.

"आता खाडा नाय होनार, शेठ. ह्यो आमच्या गावचा. ह्याला ठेवा."

"काम क्या आता है इसको?"

"बांध घालतो," हरिचंद्र म्हणाला.

शेठला हसू आलं. "इधर पँट है, भाई. बैठ. शाम तक देखते हैं."

बाळाजीनं सरकून जागा केली. दुपारी भरतीची वेळ झाली तसे दोघांचेही हात थांबले. विठानं ते पाहिलं. मग हरिचंद्रानं मांडीवरची पँट उलटी केली.

"आतला धागाबी कापायचा का, दादा?"

"आतला आधी," बाळाजी म्हणाला.