डावा हात उशिरा

मित्रांनो, मी एक जुना आखाडा आहे, पण तुमच्या तालमीतल्यासारखा मातीचा नव्हे. मी लाकडाचा. माझी प्रत्येक बाजू पाच मीटर भरते. खाली लोखंडी चौकट, तिच्यावर एकोणतीस फळ्या, फळ्यांवर दोन बोटं जाडीचा, दाबलेल्या लोकरीचा नमदा आणि त्यावर ताणून बांधलेलं कॅनव्हास. चार कोपऱ्यांना चार खांब आणि भोवती एकावर एक तीन दोर. १९६१ सालच्या मार्च महिन्यात मेक्सिकोच्या उत्तरेला, तोर्रेओन गावी, बर्फाच्या कारखान्यामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये मला उभं केलं.

माझ्या फळ्या त्याआधी मालगाडीच्या डब्याचा तळ होत्या. बावीस वर्षं त्यांनी कापसाच्या गासड्या वाहिल्या. डबा मोडीत निघाला तेव्हा रेल्वेच्या कारखान्यातला एक तरुण फिटर त्या हातगाडीवर घालून घेऊन आला. त्याचं नाव एलिसेओ बारिएन्तोस. माझा एकूण एक नट त्याच्याच हाताने आवळला गेला.

मला डोळे नाहीत. माणूस मला कळतो तो अंगावर पडल्यावर. आमच्या कुस्तीत पहिले सहा महिने फक्त पडायला शिकवतात. हनुवटी छातीला लावायची, पाठ टेकली की त्याच क्षणी दोन्ही तळहात जोरात आपटायचे. हातांनी मार घेतला की पाठ वाचते. पडणं बरोबर असेल तर आवाज एकच येतो. पण एकाचा एक आवाज दुसऱ्यासारखा नसतो, आणि गेल्या साठ वर्षांत माझी ओळखण्यात चूक झालेली नाही.

एलिसेओचा आवाज सुरुवातीला खणखणीत होता. १९६६ साली दुरांगोला एका कुस्तीत त्याचं डावं मनगट मोडलं आणि वाकडं जुळलं. तेव्हापासून त्याचे दोन आवाज येऊ लागले. आधी उजवा हात, मग पापणी लवायला लागतो तेवढ्या वेळाने डावा. टप, थप. त्याचं त्याला हे कधीच कळलं नाही. दुखरा हात शरीरानेच परस्पर जपायला सुरुवात केली होती.

आता खरी गोष्ट. दर रविवारी गावात मोठं मैदान भरायचं. तिथे काळ्या मुखवट्याचा, कपाळावर पिवळा कंदील काढलेला एक कुस्तीगीर उतरायचा. त्याला फारोलेरो म्हणत, म्हणजे दिवे लावणारा. सतरा वर्षांत त्याचा चेहरा कोणी पाहिला नव्हता. रेल्वेचे हमाल, कापूस गिरणीच्या बाया, शाळामास्तर, सगळे त्याच्यावर जीव टाकत. सोमवारी सकाळी इथे, माझ्यावर, उघड्या चेहऱ्याने पोरांना पडायला शिकवणारे एलिसेओ वस्ताद म्हणजेच तो, हे गावात फक्त त्यांच्या बायकोला ठाऊक होतं. आणि मला.

पट्ठ्यांना शंकाही नव्हती. उलट ते वस्तादांनाच टोमणे मारायचे. यात पुढे असायचा नाबोर, ट्रक दुरुस्त करणारा एकशे दहा किलोंचा गडी. तो म्हणायचा, वस्ताद, कधीतरी रविवारी आमच्याबरोबर वरच्या बाकावर येऊन बसा, फारोलेरोला बघा, या वयातही चार गोष्टी शिकाल. वस्ताद सांगायचे की रविवारी बहिणीकडे जायचं असतं. मग नाबोर सगळ्यांना ऐकू जाईल असं पुटपुटायचा, की वस्तादांच्या बहिणीला देव उदंड आयुष्य देवो, बिचारी नेमकी रविवारीच आजारी पडते.

मुखवट्याची किंमत तुम्हाला सांगितली पाहिजे. आमच्याकडे दोन मुखवटेवाले कधीकधी मुखवटेच पणाला लावतात. जो हरेल त्याने भर मैदानात मुखवटा उतरवायचा, नाव-गाव सांगायचं आणि तो पुन्हा आयुष्यात घालायचा नाही. तसा गेला तर लोक हरलेल्यासाठीही उभे राहून टाळ्या वाजवतात. पण कुस्तीआधीच कोणी ते नाव वर्तमानपत्रात छापलं, तर मुखवटा म्हणजे नुसती चिंधी. त्याच्यासमोर मग कोणीही आपला मुखवटा पणाला लावत नाही.

रविवार, २० सप्टेंबर १९८१. फारोलेरोविरुद्ध राजधानीचा मार्मोल, पांढऱ्या मुखवट्याचा. मुखवट्याला मुखवटा. तिकिटं महिनाभर आधीच संपली होती.

त्याच्या आठ दिवस आधी, शनिवारी १२ तारखेला, वस्तादांच्या पाच पट्ठ्यांची मैदानात उतरण्याच्या परवान्याची परीक्षा माझ्यावर झाली. नियमाप्रमाणे शिकवणाऱ्याला आत येता येत नाही, त्यामुळे वस्ताद कामावर गेले होते. परीक्षकांच्या शेजारी फिदेन्सिओ रेन्तेरिया नावाचा खेळांचा बातमीदार बसला होता. फारोलेरोचा चेहरा शोधण्यात त्याची अकरा वर्षं गेली होती.

पहिली आली ओतिलिया कारांको, गिरणीत सूत भरणारी तेवीस वर्षांची मुलगी, वस्तादांची सगळ्यात तयार पट्ठी. ती दहा वेळा पडली. टप, थप. दुसरा पडला. टप, थप. तिसरा नाबोर. त्याच्या वजनाने माझी चौकट हलली, पण आवाज तेच दोन. तेव्हा खुर्ची सरकली. बातमीदार माझ्याजवळ आला आणि त्याने आपला तळहात माझ्या कडेच्या फळीवर ठेवला. चौथा आणि पाचवा पडेपर्यंत तो हात तिथून हलला नाही.

मित्रांनो, वस्तादांच्या हातून झालेली चूक आता तुमच्या ध्यानात आली असेल. पोरं शब्दांवरून शिकत नाहीत, बघून शिकतात. पाचही जण वस्तादांसारखे, म्हणजेच फारोलेरोसारखे पडत होते.

परीक्षा संपली. पाचही जण पास झाले. रेन्तेरियाने विचारलं, "असं पडायला कोणी शिकवलं तुम्हाला? डावा हात उशिरा."

ओतिलिया माझ्या मधोमध उभी होती. तिचे दोन्ही पाय एकदम घट्ट झाले. त्या एका क्षणात तिला सगळं कळलं, हे मी तिच्या टाचांवरून सांगतो. वरच्या बाकावरून तिने फारोलेरोला शंभर वेळा पडताना ऐकलं होतं.

"फारोलेरोने," ती म्हणाली.

"त्याने शिकवलं?"

"आम्ही चोरलं, साहेब. रविवारी वरून बघायचं आणि सोमवारी नक्कल करायची. अख्खं गाव करतं. वस्ताद रोज शिव्या घालतात, पण खोड जात नाही."

"म्हणजे वस्ताद स्वतः बरोबर पडतात."

"तर काय. पुस्तकात काढल्यासारखे."

"मग बघायला येतो," तो म्हणाला. बुधवारी स्वातंत्र्यदिनाच्या संचलनाची बातमी करायची होती, म्हणून त्याने गुरुवारी सकाळी अकराची वेळ दिली.

संध्याकाळी पाचला वस्ताद आले. ओतिलियाने बाकीच्यांना आधीच जवळ घेऊन काय ते सांगितलं होतं. नाबोर कोपऱ्यात बसून होता. आपण तीन वर्षं कोणाला काय काय बोललो याचा हिशेब बहुधा चालला असावा. ओतिलियाने बातमीदार येणार असल्याचं सांगितलं, आणि पुढे असं म्हणाली:

"वस्ताद, आमची एक वाईट खोड तुम्हालाही लागलीय. आम्ही फारोलेरोसारखे पडतो ना, ते बघून बघून तुम्हीही तसेच पडायला लागलात. डावा हात उशिरा येतो तुमचा."

वस्ताद माझ्यावर चढले आणि पडले. टप, थप. पुन्हा पडले. पहिल्यांदाच ते स्वतःचा आवाज ऐकत होते.

"किती दिवस आहेत?" त्यांनी विचारलं.

"साडेचार."

"मग उभी राहून बघतेस काय, पोरी. शिकव."

माझ्या आयुष्यातले ते सर्वांत धामधुमीचे दिवस. सेहेचाळीस वर्षांचा वस्ताद पट्ठ्यांकडून पडायला शिकत होता. रविवारी नव्वद वेळा पडले, सोमवारी एकशे दहा. मी एकेक मोजलं. नाबोर दोराला टेकून, वस्तादांचेच शब्द वस्तादांना ऐकवायचा, हनुवटी कुठे आहे, गावी सोडून आलात का, आणि लगेच हळूच "माफ करा" म्हणायचा. कारखान्यातून बर्फाचे तुकडे बादलीत भरून आणायचे, मनगट त्यात बुडवायचं, पुन्हा पडायचं. मंगळवार सरला तरी आवाज दोनच. पंधरा वर्षांची सवय साडेचार दिवसांत जायला तयार नव्हती.

बुधवारी रस्त्यावरून संचलनाचे ढोल जात होते. सगळं गाव तिकडे, हे सहा जण माझ्याजवळ. अकरा वाजून गेले होते. ओतिलिया अचानक म्हणाली, "थांबा. दोन्ही हात एकदम टाकायला बघूच नका. डावा आधी टाका."

"आधी टाकला तर पुन्हा दोन आवाज येतील."

"नाही येणार. तुमचा हात तेवढा उशीर करतोच. तो आधीच धरून चाला."

वस्ताद पडले.

एकच आवाज. माझ्या एकोणतीस फळ्यांमधून तो एकदम आरपार गेला. १९६६ नंतर मला तो ऐकू आला नव्हता. नाबोर उठला, बादली रस्त्यावर रिकामी केली आणि ताजा बर्फ आणायला गेला.

गुरुवारी अकराला पाच मिनिटं असताना रेन्तेरिया आला. त्याने पुन्हा तळहात माझ्या कडेला ठेवला, आणि या खेपेला कानही लावला. त्याचा श्वास माझ्या लाकडाला जाणवत होता. तो म्हणाला, दहा वेळा.

एक, दोन, तीन. एकच आवाज. चौथ्यालाही तोच. पाचव्याला वस्तादांच्या पाठीचा घाम कॅनव्हासमधून नमद्यात उतरला. सहावा स्वच्छ. सातव्याला त्यांच्या डाव्या मनगटात काहीतरी कट्कन मोडलं. तो आवाज इतका बारीक होता की हाडातून थेट लाकडातच उतरला. बातमीदार कडेला होता, वस्ताद मधोमध. मी जेवढा घट्ट राहू शकत होतो तेवढा राहिलो. वस्ताद उठताना फक्त उजव्या हातावर भार देऊन उठले. अजून तीन बाकी होते.

आठवा. एक आवाज. नववा. एक. दहाव्याला ते नेहमीपेक्षा अर्धा श्वास जास्त उभे राहिले. मग पडले. एक.

रेन्तेरियाने कान काढला. "तुम्ही फारच नीट पडता, बारिएन्तोस. मग कधी मोठ्या मैदानात का उतरला नाहीत?"

"लोक बघायला लागले की मला लाज वाटते," वस्ताद म्हणाले.

तो गेला. शुक्रवारी चार ओळी छापून आल्या. नाबोरने त्या मोठ्याने वाचल्या. गावातली नवी पोरं फारोलेरोची चुकीची नक्कल करतात, त्यांच्या वस्तादाने तरी त्यांना आवरावं, असं त्यात होतं.

रविवारची कुस्ती मी ऐकली ती सोमवारी, पट्ठ्यांच्या तोंडून. फारोलेरो पहिल्यांदाच कोपरापर्यंतचे काळे हातमोजे घालून आला. पहिला डाव मार्मोलचा, दुसरा फारोलेरोचा. तिसऱ्यात बत्तीस मिनिटं लोक बाकांवर उभे होते. शेवटी फारोलेरोने एकाच हाताने मार्मोलची मान आणि पाय असे काही जखडले की तो सुटलाच नाही. मार्मोलने मुखवटा उतरवला, नाव सांगितलं, आणि सगळं मैदान त्याच्यासाठी उभं राहिलं.

वस्ताद उशिरा आले. डाव्या हाताला प्लास्टर होतं. रेल्वेच्या कारखान्यात जड काहीतरी हातावर पडलं, असं ते म्हणाले. कोणीही काय पडलं ते विचारलं नाही.

"कोण जिंकलं काल?" त्यांनी विचारलं.

"फारोलेरो," ओतिलिया म्हणाली. "पण डावा हात अजून उशिरा येतो त्याचा. कोणीतरी त्याला सांगायला हवं."

"सांगितलं असेल. ऐकत नसेल."

नाबोर इतका हसला की माझा एक दोर खिळ्यातून निसटला.

फारोलेरो आणखी सात वर्षं खेळला आणि शेवटच्या दिवशी मुखवटा घालूनच मैदानाबाहेर पडला. त्यानंतर वस्ताद पूर्ण वेळ माझ्यावर शिकवू लागले. त्यांच्या हाताखालून एकशे चौदा जणांनी परवाने मिळवले. मग बर्फाचा कारखाना बंद झाला, शेडला कुलूप लागलं. सहा वर्षं माझ्यावर कबुतरांखेरीज कोणी उतरलं नाही. पत्रा गळायचा, माझ्या चार फळ्या कुजल्या, नटांना गंज चढला. २००३ साली ओतिलियाने कुलूप काढलं. आता तीच वस्ताद आहे. पहिल्या दिवशी तिने एकालाही माझ्यावर चढू दिलं नाही. आधी ती चौकटीखाली आडवी सरपटत गेली आणि प्रत्येक नट हाताने तपासला. कुजक्या फळ्या बदलल्या. सैल आखाडा माणसाची पाठ मोडतो, हे तिने नव्या पोरांना पडायला शिकवण्याआधी सांगितलं. माझंही तुमच्याकडे तेवढंच मागणं आहे. ज्याच्यावर भार टाकायचा, त्याच्याखाली एकदा वाकून बघत जा.

तुमच्यातल्या चौकस मुलांच्या मनात एक प्रश्न केव्हाचा घोळत असेल. पाच पट्ठ्यांनी आजतागायत जे तोंडातून काढलं नाही, ते नाव मी एवढ्या सहज कसं सांगून टाकलं?

मित्रांनो, माझी मापं बरोबर आहेत. तारखा आणि वार बरोबर आहेत, पडण्यांची मोजदादही बरोबर आहे. नावं मात्र सगळी मी बदलली आहेत. मुखवट्यावर कंदील नव्हता. गाव तोर्रेओन असेल किंवा शेजारचं असेल. ज्या माणसाने हजारो वेळा डोळे मिटून माझ्यावर पाठ टाकली, त्याला मी आता, म्हातारपणी, कसा पाडीन?

तो अजून आहे. रोज सकाळी उघड्या चेहऱ्याने पाव आणायला जातो. दुकानात भिंतीवर त्या मुखवट्याचं जुनं चित्र लावलेलं आहे. दुकानदार त्या चित्राकडे बोट दाखवून गिऱ्हाइकांना जुन्या कुस्त्या रंगवून सांगतो, आणि मधे बोलू पाहणाऱ्या त्या म्हाताऱ्याला म्हणतो, आजोबा, तुम्हाला कुस्तीतलं काय कळतंय, रांगेत उभे राहा.