तॅमसिन नावाचा पुरावा

देव आहे की नाही हे ठरवायला ऑस्ट्रेलियातल्या आमच्या डाल्बी गावातली माणसं वर्षातून एकदा चर्चमागच्या हॉलमध्ये जमतात, आणि ठरवून झालं की सॉसेज रोल खातात. मी खाण्याच्या बाजूला असते. यंदा देवाच्या बाजूने माझा नवरा ग्रँट उभा राहणार होता आणि विरुद्ध बाजूने माझा सख्खा भाऊ ट्रेवर. लोकांना याची भारी मजा वाटत होती. पोस्टरवर दोघं एकमेकांकडे डोळे वटारून बघत होते. एरवी हेच दोघं नाताळात आमच्या अंगणात कोळंबी भाजतात आणि भाजता भाजता हाच वाद घालतात, तेव्हा कुणी तिकीट लावत नाही.

मला मात्र त्या दिवशी कसलीच मजा सुचत नव्हती. दुपारी डॉक्टरबाईंचा फोन आला होता. तॅमसिन आमची एकुलती एक, सतराची. चौदाची असताना तिच्या गळ्याला गाठी आल्या, कॅन्सर निघाला, आणि औषधं घेऊन ती बरी झाली. गेल्या आठवड्यात तिची नेहमीची तपासणी झाली होती. डॉक्टरबाई म्हणाल्या, छातीत पुन्हा काहीतरी दिसतंय, बुधवारी तिघंही या. मी बरं म्हटलं, फोन ठेवला आणि ओव्हनमधले रोल बाहेर काढले. रडायला बसले असते तर उठलेच नसते.

आणि यातली मेख अशी, की ग्रँटचा सगळ्यात मोठा पुरावा म्हणजे आमची तॅमसिन. प्रार्थना फळाला आली की चर्चमध्ये उठून उभं राहायचं आणि सगळ्यांसमोर साक्ष द्यायची, ही आमची पद्धत. तेव्हा तॅमसिन टकलावर लोकरीची टोपी घालून उभी राहिली होती आणि अख्खं चर्च रडलं होतं. तेव्हापासून ग्रँट जिथे वादाला जातो तिथे ही गोष्ट सांगतो. विश्वाला कारण हवंच, निसर्गाचे आकडे इतके नेमके जुळलेच कसे, येशूचं थडगं रिकामं का होतं, हे सगळं मांडून झालं की शेवटी तो पोरीकडे हात करतो. लोक माना वळवतात. ती खाली बघून हसते.

तासाभराने ट्रेवरचा फोन आला. तो ब्रिस्बेनच्या शाळेत विज्ञान शिकवतो आणि तिथल्या नास्तिक मंडळींचा म्होरक्या आहे. गाडी कुठे लावू एवढंच तो विचारत होता, आणि माझ्या तोंडून सगळं बाहेर पडलं. त्याने गाडी कडेला घेतल्याचा आवाज आला.

"तिला सांगितलंस?" त्याने विचारलं.

"नाही. ग्रँटलाही नाही. आजचं एकदा होऊन जाऊ दे."

"जेनेल, वेडी आहेस का तू? तो आज तिला उभी करणार सगळ्यांसमोर. बघा, देवाने बरी केली म्हणणार. आणि मी समोर बसून काय करू?"

"गप्प बस."

"त्याला आधी सांग. मला शपथाबिपथा घालू नकोस. मी कबूल काहीच करत नाही."

"तुझी भाची आहे ती, ट्रेवर."

"म्हणूनच म्हणतोय," तो म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

माझा जीव टांगणीला लागला. पोरीला तिच्या आजाराची बातमी भरल्या हॉलात, माइकवरून, मामाच्या तोंडून कळणार की काय, हेच डोक्यात घोळत होतं. पाच वाजता मी हॉलवर पोचले ती तडक बाजूच्या खोलीकडे गेले. दार बंद होतं. आत पुरुषमंडळी ग्रँटच्या खांद्यावर हात ठेवून गोल उभी होती आणि आळीपाळीने प्रार्थना करत होती. आमच्यात प्रार्थना तोडून कुणी आत शिरत नाही, घराला आग लागली तरी आमेन होईपर्यंत थांबतील. मी तिथे मूर्खासारखी चुळबुळत उभी राहिले. एक जण थांबला की दुसरा सुरू करायचा. देवाला तेच तेच किती वेळा सांगायचं असतं, देव जाणे.

एकदाचा ग्रँट बाहेर आला, मागे दहा जण. चेहरा नुसता उजळलेला.

"तॅमसिन पुढे बसली ना?" त्याने विचारलं.

"ग्रँट, आज तिचं नाव घेऊ नकोस."

"का गं?"

सगळे ऐकत होते. मी म्हटलं, "लाजते ती आता. मोठी झाली."

"विचारलंय मी तिला. हो म्हणाली." त्याने माझ्या गालाचं ओझरतं चुंबन घेतलं. "तूच जास्त घाबरतेस. तुझा भाऊ काही खात नाही मला."

आणि तो गेला. मला त्याचा हात धरून ओढता आला असता, पण मी धरला नाही.

हॉल गच्च भरला होता. ब्रिस्बेनचे नास्तिक दोन गाड्या भरून आले होते आणि येताना विकतचा केक घेऊन आले होते. देव नसेल तर नसू दे, पण घरून काही करून आणायला कुणाची ना आहे? मधल्या टेबलाशी मिसेस हॅलोरन पंच म्हणून बसल्या. निम्म्या गावाला त्यांनी शाळेत शिकवलंय, त्यामुळे त्यांनी हातातली घंटा वाजवली की आजही म्हातारे बाप्ये गप्प होतात. आधी हात वर करून मतं झाली. वाद संपल्यावर पुन्हा होणार होती, आणि ज्याच्या बाजूला माणसं सरकतील तो जिंकणार.

ग्रँट बोलला. छानच बोलला, त्याला वाणीची देणगी आहे. ट्रेवरही बोलला, पण अडखळत. सगळ्याला कारण लागतं तर तुमच्या देवाला का नको, हा त्याचा नेहमीचा हुकमाचा पत्ता, तोसुद्धा त्याने उगाच वाया घालवला. तॅमसिन पहिल्या रांगेत होती, मी तिच्या शेजारी. मी सारखी बूड हलवत होते. तिने माझ्या मांडीवर हात ठेवून मला दाबून बसवलं.

मग ट्रेवरची प्रश्न विचारायची पाळी आली. तो उठून उभा राहिला आणि ग्रँटने त्याला बोलूच दिलं नाही.

"ट्रेवर, तू मघापासून पुरावा पुरावा करतोयस," ग्रँट हसत म्हणाला. "ही बघ तुझी भाची. डॉक्टरांनी हात टेकले होते. आम्ही गुडघे टेकले. आता सांग."

डॉक्टरांनी काही हात टेकले नव्हते, सहा महिने औषधं दिली होती. पण लोक टाळ्या वाजवत होते. ट्रेवरने तॅमसिनकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्याच्या मानेवरची शीर उडताना मला दिसली.

"बोला की मास्तर," मागून कुणीतरी ओरडलं.

"मला या विषयावर काही विचारायचं नाही," ट्रेवर म्हणाला आणि खाली बसला.

हॉलमध्ये हशा पिकला. त्याच्याच बरोबर आलेला एक दाढीवाला कपाळावर हात मारून घेत होता. माझा भाऊ लाल झालेले कान घेऊन पाण्याचा ग्लास फिरवत बसला. लहानपणापासून एकही वाद तो हरल्याचं मला आठवत नाही. मला उठून त्याला मिठी मारावीशी वाटली.

सुटलो, असं मी म्हणते आहे तोवर प्रेक्षकांच्या प्रश्नांची वेळ झाली आणि तॅमसिन उठली. मी तिची बाही धरली. तिने ती हळूच सोडवून घेतली आणि माइकपाशी जाऊन उभी राहिली.

"एकच प्रश्न, भाषण नको," मिसेस हॅलोरन म्हणाल्या.

"हो बाई. प्रश्न बाबाला आहे. मी बरी झाले म्हणून मी देवाचा पुरावा. मग उद्या आजार परत आला, तर मी कुणाचा पुरावा?"

ग्रँटला याचं उत्तर पाठ होतं. हा प्रश्न त्याला दर वेळी कुणी ना कुणी विचारतंच, फक्त विचारणारा परका असतो. "चांगला प्रश्न आहे, बेटा," तो म्हणाला. "तसं झालं तरी देव चांगलाच राहतो. आपल्या दुःखामागे त्याचा काय हेतू असतो ते आपल्याला इथून दिसत नाही. मी तेव्हाही त्याची स्तुतीच करेन."

लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. माझी पोर मरण्याच्या गोष्टीवर माझ्याच शेजारणी टाळ्या पिटत होत्या, आणि त्यांना ते कळतही नव्हतं. मला त्या सगळ्यांचा असा संताप आला की काय सांगू.

"मग बरी झाले तेव्हा तरी मला कशाला मोजलंस?" तॅमसिनने विचारलं.

मिसेस हॅलोरननी घंटा वाजवली. "एकच प्रश्न म्हटलं होतं, तॅमसिन."

"चुकलं, बाई." ती परत येऊन माझ्याजवळ बसली. तिचा हात गरम होता.

ग्रँट तिच्याकडे बघून हसत होता, तसंच हसत त्याने माझ्याकडे पाहिलं. मला चेहरा सावरता आला नाही, मी रडत होते. त्याचं हसू थांबलं. त्याने ट्रेवरकडे पाहिलं, ट्रेवरने मान खाली घातली. माझा नवरा हुशार माणूस आहे, त्याला आणखी काही सांगावं लागलं नाही.

"मिस्टर पॅस्को, समारोप," मिसेस हॅलोरन ग्रँटला म्हणाल्या. "पाच मिनिटं."

ग्रँटने कागद उचलला, दोनदा घसा खाकरला आणि कागद परत ठेवला. पायऱ्या बाजूला होत्या, तिकडे तो गेलाच नाही. मंचाच्या कडेला बसून चांगल्या सुटासकट खाली घसरला आणि तॅमसिनच्या समोर जमिनीवर बसला. हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली.

"कुणी सांगितलं तुला?" त्याने विचारलं.

"कुणीच नाही. मला रात्री घाम फुटतो, कपडे भिजतात. मागच्यासारखंच."

"कधीपासून?"

"झाले दोन-तीन आठवडे."

"आणि बोलली नाहीस?" माझा आवाज चिरकला. "आम्हाला सांगायचं नाही का गं?"

तिने माझ्याकडे पाहिलं नाही. बापाचा टाय वाकडा झाला होता, तो ती सरळ करत होती.

"सांगणारच होते," ती म्हणाली. "म्हटलं, बाबाची चर्चा होऊन जाऊ दे. त्याच्याकडे शेवटी दाखवायला मीच होते ना."