पाहुणे आले आणि घर गायब

मी पेटी बोलतेय. रानातल्या मधमाश्यांनी घर म्हणून पसंत करावी आणि आपणहून राहायला यावं, यासाठी केलेली पेटी. मी कुणाच्या मागे धावत नाही. आवडलं तर या, नाहीतर चालू पडा.

मालक कुलपं दुरुस्त करतात. त्यांनी मोडक्या कपाटाच्या फळ्यांतून मला बनवलं, आत जुनं मेण चोळलं, बोटभर दार ठेवलं आणि दुकानाच्या गच्चीवर टाकीजवळ बसवलं. दोन वर्षं कुणी फिरकलं नाही. दोष माझा नव्हता. मालक दर दोन दिवसांनी झाकण उचलून आत डोकावायचे. असल्या घरात कोण राहील?

मालकीणबाईंना स्वयंपाकघरात मांडणीसाठी फळ्या हव्या होत्या. "रविवारपर्यंत भरली नाही, तर मी स्वतः हिच्यावर करवत चालवणार," त्यांनी सांगून टाकलं.

शुक्रवारी आठ-दहा माश्या आल्या. भाड्याची खोली बघायला आल्यासारख्या कोपरा न् कोपरा पायांनी मोजून गेल्या. परत आल्या, आणखी चौघींना घेऊन आल्या. घर पसंत होतं. फक्त थवा यायचा बाकी होता.

पण मालकांना दम कुठला! "अगं, भरली पेटी!" चार-पाच माश्या आत असतानाच त्यांनी दाराला चिंधी कोंबली आणि मला खाली अंगणात नेऊन ठेवलं. मला हात असते तर कानाखाली वाजवली असती.

शनिवारी मालकीणबाई कपडे वाळत घालायला गच्चीवर गेल्या आणि तिथूनच ओरडल्या, "अहो! पाहुणे आलेत, घर कुठे पळवलंत?" टाकीजवळच्या रिकाम्या जागेवर अख्खा थवा घोंगावत होता.

"मग कालच्या कोण होत्या?"

"त्या नुसत्या बघायला आल्या होत्या! सरका तिकडे!"

मला पोटाशी धरून त्या धापा टाकत जिना चढल्या. जागा तीच, तोंडही त्याच दिशेला. चिंधी ओढली तशा कोंडलेल्या माश्या बाहेर आल्या आणि दारातच शेपट्या वर करून पंख फडफडवत 'इकडे या' असा वास थव्याकडे सोडू लागल्या. मग पोत्यातून धान्य ओतावं तसा थवा आत शिरला. रविवारी करवतीचं नाव कुणी काढलं नाही.

आता मी चांगली जड झालेय. उद्या या माश्यांना मोठ्या पेटीत हलवतील आणि मला पुढच्या मोसमासाठी पुसून ठेवतील. मालक तर मला चकाचक रंगवायच्या गोष्टी करताहेत. मालकीणबाई, नव्या रंगाचा वास आला तर एक माशी जवळ यायची नाही. अंगाला मुरलेला हा मेणाचा कळकट वास हीच माझी कमाई आहे. तो रंगाचा डबा आजच लपवा.