हरावयास आलेला मल्ल

सुज्ञ वाचकहो, या ठिकाणी विलायतेतील एका मल्लाची हकीकत यथाक्रम कथन करण्यात येत आहे. त्याचा पराभव कसा ठरला होता, तो कोणत्या कारणाने टळला आणि त्यायोगे नेर गावाच्या शिरावर कोणता भार येऊन पडला, हे सर्व तीत येईल. तरी वाचकांनी चित्त स्थिर करून श्रवण करावे.

सन एकोणीसशे एकोणसाठचा फाल्गुन महिना होता. कापसाचा हंगाम उतरणीस लागला होता आणि सरकी काढणाऱ्या जिनाचे आवार रिकामे पडू लागले होते. अशा समयी हेन्री प्लॅट नामक मल्ल मोटारीने नेर मुक्कामी उतरला. इंग्लंड देशी बोल्टन म्हणून गिरण्यांचे गाव आहे, तेथील तो. कोणत्याही कंपनीचा तो बांधील नव्हता. जो बोलावील त्याच्या तंबूत जाऊन लढावे, हा त्याचा उद्योग. परंतु 'लढावे' हा शब्द सत्यास धरून नाही. तो हरत असे. त्याचा देह धिप्पाड होता, नाक मोडके होते आणि मुद्रा अशी उर्मट होती की पाहताक्षणी लोकांस संताप यावा. असा मनुष्य अखेरीस उताणा पडला म्हणजे तिकिटाचे सार्थक होई. तेरा वर्षे तो नियमाने पडत आला होता. त्याचा हात धरून कोणी कधी वर केला नव्हता, आणि टपालवाला जसा पिशवीतले एकही पत्र आपले नाही म्हणून रडत बसत नाही, तसा तोही रडत नसे.

त्यास नागपूरच्या चुनीलालजी कंत्राटदारांनी हिंदुस्थानात आणले होते. जाहिरातीत त्याचे नाव 'लंडनचा काळ' असे छापले होते. गावोगावी हा काळ येई, स्थानिक मल्लास आधी आपटी, प्रेक्षकांस मुठी दाखवी आणि तिसऱ्या फेरीत पडे. स्वराज्य मिळून बारा वर्षे होत आली होती. परंतु इंग्रज चीत झालेला स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याचे समाधान प्रत्येक गावास हवे होते, आणि चुनीलालजी ते माफक दरात पुरवीत.

नेर हे दौऱ्यातील शेवटचे गाव. बोटीचे परतीचे तिकीट कंत्राटदारांच्या कोटाच्या आतल्या खिशात होते. त्यांनी प्लॅटला बजावले की येथे नीट पडलास तर तिकीट तुझ्या हाती. काही वेडेवाकडे झाले तर येथेच कापूस वेचत राहा. प्लॅट महायुद्धात कामठीच्या छावणीत राहिलेला असल्यामुळे त्यास हिंदी समजत होती. त्याची पत्नी व कन्या बोल्टनला वाट पाहत होत्या. आजवर तो पोटासाठी पडला होता. या खेपेस घरासाठी पडायचे होते.

नेरच्या वतीने लढणार होता मुख्तार. हा दिवसा लॉऱ्या दुरुस्त करी व सायंकाळी निजामुद्दीन वस्तादांच्या तालमीत घुमे. कंत्राटदारांनी वस्तादांस बाजूला घेऊन तिसऱ्या फेरीचे गुपित सांगितले, तेव्हा वस्ताद म्हणाले की आमचे पोरगे भिकेतली जीत घेत नाही. चुनीलालजी हसले. त्यांना तो होकार वाटला.

स्वागत समितीचे अध्यक्ष रामराव अडत्ये यांनी प्रथम भाषण केले. त्यात रामायणापासून पंचवार्षिक योजनेपर्यंत सर्व काही येऊन गेले. शेवटी त्यांनी कुस्त्यांच्या दंगलीची जुनी रीत सांगून वचन दिले.

"जो जिंकंल त्याले दमणीत बसवून, वाजतगाजत त्याच्या गावच्या वेशीपर्यंत पोचवून देऊ. खर्च समितीचा."

लोकांनी टाळ्या वाजविल्या. मुख्तारचे घर कापूस बाजाराच्या मागेच असल्याने या औदार्यास दमणीच्या बैलांच्या पेंडीपलीकडे खर्च नव्हता.

आखाडा मातीचा नव्हता. जिनाच्या आवारातच कापसाच्या गाठी रचून त्यावर ताडपत्री अंथरली होती व भोवती दोर बांधले होते. कंत्राटदारांच्या माणसाने नियम वाचले: पाठ टेकल्यावर तीन अंक मोजावयाचे, तोवर कुस्ती चालू. परंतु त्या वेळी डफडे इतक्या जोराने वाजत होते की नियम त्याचे त्यालाच ऐकू आले.

कुस्ती जुंपली. मुख्तार मन लावून लढत आहे हे प्लॅटला पहिल्या पकडीतच कळले आणि त्याची पाचावर धारण बसली. पाय धरून ओढण्याचा असा पट त्याच्यावर अनेक वर्षांत कोणी काढला नव्हता. परंतु मुख्तारचा पाय मातीला सरावलेला. दोन गाठींच्या फटीत तो घोट्यापर्यंत रुतला. तोल गेला, प्लॅटने सवयीने त्यास उचलले आणि ठरल्याप्रमाणे पहिली आपटी दिली. मुख्तारची पाठ ताडपत्रीला लागली.

"एक," असे कंत्राटदारांचा माणूस म्हणाला.

त्यापुढे मोजण्याची वेळ आली नाही. मातीच्या कुस्तीत पाठ लागली की निकाल लागतो, आणि ती लागलेली सर्व गावाने पाहिली होती. रामराव पंचाच्या नात्याने उठून उभे राहिले, डफडे थांबले, आणि मुख्तारने स्वतः उठून प्लॅटचा हात धरून वर केला.

प्लॅट घाबरून गेला. हात सोडवून घेत तो कुजबुजला, "अभी नहीं. तुम जीतेगा. मेरे को गिराओ."

मुख्तारने वस्तादांकडे पाहिले. "पाठ लागली ना, वस्ताद? मंग आता कायले लढू?"

"लागली, बेटा. उतर खाली," वस्ताद म्हणाले.

चुनीलालजींनी दोराला धरून पुष्कळ विनवणी केली. दोन अंक अजून बाकी आहेत, असे ते सांगत होते. पाठीला अंक कसले, असे गावाने विचारले. प्लॅटने तर मुख्तारचे पायच धरले. जिंकलेला पाहुणा हरलेल्याच्या पाया पडतो आहे हे पाहून बायाबापड्या गहिवरल्या आणि असा विनम्र इंग्रज आपल्याकडे राज्य करीत असता तर गोष्ट वेगळी होती, असेही एक वृद्ध गृहस्थ बोलून गेले. प्लॅटच्या मस्तकी फेटा बांधला गेला. तेरा वर्षांत प्रथमच कोणी त्याचा जयजयकार करीत होते, आणि तो मात्र एका कोटाच्या खिशाकडे पाहत होता.

सजविलेली दमणी आली. गाडीवानाने कासरा हाती घेऊन विचारले की पाहुण्याचे गाव कोणते. प्लॅटने सांगितले. ते कोठे आले, असे रामरावांनी विचारले असता शाळेच्या मास्तरांनी समुद्राचा उल्लेख केला. समितीचे सभासद बैलांकडे पाहू लागले. कोणी म्हणाले की बडनेऱ्याचे स्टेशन हीच वेस समजावी. वस्तादांनी मान हलविली. वचन गावच्या वेशीचे होते आणि चार हजार माणसांनी ऐकले होते.

इतक्यात प्लॅटने काकुळतीस येऊन चुनीलालजींच्या खिशाकडे बोट दाखविले व सर्व हकीकत सांगितली. कंत्राटदार ताठ्याने म्हणाले की तिकीट हरणाऱ्याचे होते, जिंकणाऱ्याचे नव्हे. घटकाभरापूर्वी याच गृहस्थांस रामरावांनी हार घातला होता. आता तिकीट न मिळाल्यास बोट समितीस करावी लागणार होती. गावाची अब्रू आणि गावाची थैली एकाच बाजूस उभी राहण्याचा योग दुर्मिळ असतो. तो आला म्हणजे गावात विलक्षण न्यायबुद्धी जागृत होते. समितीने एकमताने ठराव केला की पाहुण्यावर अन्याय नेर कदापि सहन करणार नाही. मुख्तार शांतपणे कंत्राटदारांच्या मोटारीखाली शिरला आणि काहीतरी काढून घेऊन बाहेर आला. ते खिशात टाकून तो प्लॅटच्या ट्रंकेवर बसला. तिकीट बाहेर आल्यावरच मोटार पुन्हा चालू झाली.

दमणी बडनेऱ्यापर्यंत गेली. पुढे आगगाडीने वस्ताद व मुख्तार मुंबईच्या धक्क्यापर्यंत गेले, कारण तेथून पुढे वाजतगाजत नेण्यास रस्ता नव्हता. समुद्र पाहून वस्तादांनी बराच विचार केला आणि ही पाहुण्याची वेस होय, असा निकाल दिला.

शिडीवर पाय ठेवण्यापूर्वी प्लॅटने फेटा उतरवून मुख्तारपुढे धरला. "ये तुम्हारा है. मिट्टी होता तो मैं हारता."

मुख्तारने तो पुन्हा त्याच्या डोक्यावर ठेवला. "मंग मातीत येजो, सायब. अन् बराबर, खरंखरं हरजो."

हेन्री प्लॅटने मान डोलावली. आपला पराभव कोणी इतक्या आदराने मागितला, असे त्याच्या जन्मात प्रथमच घडत होते.

येथे ही हकीकत पूर्ण झाली. वाचकांनी आपला बहुमोल वेळ खर्चून ती शेवटास नेली, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे; न्यून असेल ते माझे समजावे.

आपला नम्र,
धावजी उकंडा राठोड
मुक्काम नेर, जिल्हा यवतमाळ