नायलॉनचा पेशंट

डॉक्टरांनी मालसुनच्या गुडघ्याच्या वाटीखाली सुई घातली आणि जडीबुटीचा पिवळसर अर्क हळूहळू आत सोडला. तिने चादर मुठीत आवळली. रस्ता ओलांडताना गाडीने उडवल्याला आज एकोणीस दिवस झाले होते.

"अजून पंधरा दिवस रोज टोचून घ्या, मावशी. मध्येच सोडलंत तर पाय कायमचा अधू होईल," म्हणत डॉक्टर पुढच्या खाटेकडे वळले.

पुढच्या खाटेवरची बाई मांडी घालून पत्ते पिसत होती. विम्याचा माणूस आला की मात्र बरोबर कण्हायची. असल्या ढोंग्यांना अख्खं देगू शहर 'नायलॉनचे पेशंट' म्हणतं, आणि वॉर्डात तेच जास्त.

तेवढ्यात मालसुनची मुलगी हेसुक त्यांच्या मांडूच्या, म्हणजे उकडलेल्या करंज्यांच्या, दुकानातून आली. पिशवीसुद्धा खाली ठेवली नाही तिने.

"आई, दुकान एकटीने किती दिवस ओढू? एक्स-रेत काही नाही, सूज उतरली. शेजारणीचा गुण लागला का तुला?"

"दुखतं गं अजून."

"नायलॉनचं दुखणं! ऊठ. मांडूच्या वाफेसमोर उभी राहिलीस की आपोआप पळेल."

अकरा वर्षांपूर्वी बसची धडक बसलेल्या नवऱ्याला मालसुनने अशाच खाटेवरून, याच शब्दांत उठवलं होतं. त्याच्याही एक्स-रेत काही नव्हतं. शेजारचे पत्ते कुटत होते, म्हणजे हाही त्यातलाच, असं तिने धरून टाकलं. नंतर मरेपर्यंत बिचाऱ्याने गुडघ्याचं नाव काढलं नाही. आता पुन्हा 'दुखतं' म्हणायला तिची जीभ रेटेना. लाज वाटली. तिने बूट पायात चढवले.

"ताई, खुळी का तू? फुकटचा आराम सोडून चाललीस!" पत्तेवाली ओरडली.

दुकानामागे वर घरात जायला अरुंद जिना होता. जिन्याच्या भिंतीवर कमरेच्या उंचीवर एक काळपट, तेलकट डाग होता. हात पुसायला भिंतच सापडते का, म्हणून मालसुन नवऱ्यावर करवादायची. दर नववर्षाआधी डाग घासायची. महिन्याभरात तो पुन्हा उमटायचा. नवरा गेल्यावर डाग वाढला नाही, पण पुरता निघालाही नाही.

तिसऱ्या पायरीवर मालसुनच्या गुडघ्यातून कळ गेली. तोल सावरायला तिने हात टेकला, तो नेमका त्या डागावर. तिला हात काढवेना.

"भिंतीला हात नको लावूस ना, आई," मागून हेसुक वैतागली. "डाग पडतात."