बल्बांची वरात

पारूचं लग्न दुपारी तिच्या माहेरी, माल्यात लागलं, आणि मोटार सासरच्या गावी, उरवड्याच्या शिवेला येऊन थांबली तरी नवऱ्यानं तिच्याशी एक शब्द काढला नव्हता. शब्द राहू द्या, धड बघितलंही नव्हतं. घास भरवायच्या वेळी बायकांनी एवढा गलका केला, तर या पठ्ठ्यानं लापशीचा घास तिच्यासमोर धरला आणि नजर मांडवाबाहेरच्या मोटारीवर! घास गेला पारूच्या नाकाला. मांडव हसला, पारूही पदराआड हसली, पण मनातून तिनं धसकाच घेतला. घुमा नवरा पदरी पडला की काय?

एरवी तिनं ते चालवूनही घेतलं असतं. पण त्या दिवशी नवऱ्यानं तोंड उघडणं फार निकडीचं होतं, आणि त्याचं कारण मोटारीत तिच्या शेजारीच बसलं होतं. ते म्हणजे रंभाआत्या. नवऱ्याचे, म्हणजे कुशाबाचे, आईबाप तो लहान असतानाच गेले, तेव्हापासून या आत्यानंच त्याला वाढवलेलं. घरात आत्या म्हणेल ती पूर्व. आणि आत्यानं सुनेचं नवं नाव काढून ठेवलं होतं, मंदाकिनी. पौडला कुण्या साहेबाच्या बायकोचं म्हणे तेच नाव होतं. आत्याला स्वतःला ते धड म्हणता यायचं नाही, कधी मंदाकनी व्हायचं, कधी मंदोकनी. पण नाव भारदस्त आहे एवढं तिला पक्कं ठाऊक होतं.

"पारू काय, पारू!" मोटारीत बसल्या बसल्या आत्यानं ऐकवलं होतं. "शेळीला हाक मारल्यावानी वाटतंय. घरी गेलं की पयलं ताटात तांदूळ पसरायचं आन् अंगठीनं नाव काढायचं. मंदाकनी."

लग्नात मुलीचं नाव बदलायचं ही रीतच होती, कुणाला त्यात काही वावगं वाटत नसे. पारूलाही वाटलं नसतं. पण तिची थोरली बहीण गंगू सासरी शालिनी झाली होती. दिवाळसणाला ती माहेरी आली, ओट्यावर येऊन बसली, आणि आई परसातून "गंगे, अगं गंगे" करत राहिली तरी ती वळलीच नाही. बहिरी नव्हती. ती हाक आपल्याला आहे हेच तिच्या ध्यानात आलं नाही. पारूनं हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. आपण पारूच राहायचं, तिनं ठरवून टाकलं. आता हे सांगायचं कुणी? नव्या सुनेनं आत्याला सांगायची सोय नाही. सांगणार तर नवरा, आणि नवरा बसलाय मोटारीच्या छताकडे टक लावून.

त्या छताचीही एक कथाच होती. कुशाबा पुण्यात नाना पेठेत मोटारींच्या वायरिंगच्या दुकानात कामाला होता. मोटार त्याची नव्हे, उरवड्याच्या हैबतनानांची. लढाईच्या आधीची, काळी, चढावर दमेकऱ्यासारखी धापा टाकणारी. वरातीला देतो, चालवायलाही मीच बसतो म्हणाले नाना, आणि कुशाबानं लग्नाआधीचे सगळे दिवस त्या मोटारीत घालवले. हळद लावायलासुद्धा त्याला सीटखालून ओढून काढावा लागला म्हणतात. सायकलच्या दिव्यात घालतात तसले बारके बल्ब आणून त्यानं छताच्या चारी कडांनी लावले, खिडक्यांना महिरप केली, मागच्या काचेवर कमळ काढलं. प्रत्येक बल्बाला लाल, हिरवा, पिवळा असा पतंगाचा कागद. सगळ्या वायरी पुढच्या फळीमागं नेऊन तिथून बॅटरीला जोडलेल्या.

रंभाआत्याचा या प्रकाराला सुरुवातीपासून विरोध. माल्यापासून उरवड्यापर्यंत ती सीटला पाठ न टेकता बसली होती, वायरीतून करंट येऊन आपल्याला धरील म्हणून.

शिवेवरच्या मारुतीपाशी दिवेलागणीला वरात तयार झाली. पुढं लेझीमवाले, मग बहिरू हलगीवाला, मग गॅसबत्त्या, मागं बायाबापड्या. कुशाबानं पुढं वाकून बटण दाबलं.

आणि मोटार आतून उजळली! कमळ उजळलं, महिरपी उजळल्या, पारूचा हिरवा शालू एका खांद्यावर तांबडा झाला आणि दुसऱ्यावर पिवळा. बाहेर गर्दीतून "आगाऽऽ" असा आवाज निघाला, आणि गॅसबत्तीवाले आपल्याच बत्त्या खाली ठेवून खिडकीला नाकं लावून उभे राहिले.

पारूनं वीज पहिल्यांदाच पाहिली. तशी ती विजेच्या उशापायथ्याशीच वाढलेली. मुळशीच्या धरणाचं पाणी डोंगर फोडून खाली कोकणात जायचं, तिथं त्याची वीज व्हायची आणि ती मुंबईला जायची. माल्यात मात्र घासलेटची चिमणी. आता ती वीज तिच्या डोक्यावर गोंडे लावून बसली होती. पारूला इतकं हसू यायला लागलं की मुंडावळ्या हलायला लागल्या.

वरात निघाली. लेझीमवाल्यांना एवढी गर्दी जन्मात मिळाली नव्हती. ते दोन पावलं पुढं जायचे आणि चार डाव तिथंच खेळायचे. मोटार मुंगीच्या चालीनं. जरा वेळात लालाचा तपकिरी झाला, पिवळ्याचा मातकट झाला, आणि कमळ तर पार कोमेजलं.

कुशाबा ताडकन पुढं झुकला. "नाना, गाडी पळंना म्हून डायनामो करंट दीना. सगळा भार बॅटरीवर आलाय. जरा पळवा!"

पारूनं कान टवकारले. बोलतो की! आणि आवाजही बरा आहे. पण बोलला तो हैबतनानांशी.

"पळवू कशी?" नाना म्हणाले. "म्होरं मानसं हायेत का भाताची रोपं?"

"त्यास्नी बी पळाया सांगा!"

नानांना तेवढंच हवं होतं. त्यांनी भोंगा वाजवला, खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि ओरडले, "पळा रं! पळा, न्हाईतर दिवं जात्यात!"

आणि उरवड्याची वरात पळायला लागली. दिवे जातात म्हटल्यावर कोण थांबतो? लेझीमवाले पळता पळता खेळत होते, बहिरू पळता पळता वाजवत होता आणि हलगीचा ताल असा काही धावला की म्हातारेसुद्धा धोतराचे सोगे तोंडात धरून सुटले. पोलीसपाटील कोंडीबांचा फेटा सुटून मागं गजभर लोंबायला लागला आणि तो तुडवला जाऊ नये म्हणून मागच्या बाईनं हातात धरला. मोटारीचा वेग वाढला तसे बल्ब पुन्हा लखलखले. "आलं! आलं!" करत लोक आणखी जोरात पळाले. वरात आहे की बैलांची शर्यत, परक्याला कळलं नसतं. आतमध्ये पारू दोन्ही हातांनी सीट धरून हसत होती आणि रंभाआत्या डोळे गच्च मिटून मारुतीचा धावा करत होती.

ओढ्याच्या उतारावर मोटारीनं खड्डा घेतला. धाडकन आवाज झाला, आणि आतला सगळा उजेड गेला.

बाहेर असा हाहाकार झाला की जणू नवरदेवच पडला. कुशाबानं मात्र क्षण घालवला नाही. "फळीमागची वायर सुटली!" म्हणत तो पुढच्या सीटवरून उडी टाकून पलीकडं गेला. जाताना विसरला एवढंच, की त्याच्या उपरण्याला पारूच्या शेल्याची गाठ होती. ती गाठ घरी देवापुढं गेल्याशिवाय सोडायची नसते. पारू गाठीबरोबर ओढली गेली आणि सीटच्या पाठीवर पोटावर पडून अर्धी पुढं, अर्धी मागं अशी लोंबायला लागली.

"अगं बया! सुनंला करंटानं ओढली!" रंभाआत्या किंचाळली.

कुशाबा फळीखाली शिरला. त्याचे पाय वर, बाशिंग वाकडं. आतून त्याचा आवाज आला, "घावली! हितं जोडून धरायला पायजे. धर!"

आता या धर म्हणण्यात कुणी धरायचं, हे नव्हतं. हैबतनानांनी ब्रेक धरला. मोटार अशी थांबली की मागची माणसं तिच्यावर येऊन आदळली. रंभाआत्यानं पारूचे पाय धरले. खिडकीतून बहिरूनं हात घालून आत्याचा दंड धरला.

"तुमी न्हाई! तू धर!"

नानांनी ब्रेक सोडला आणि भोंगा धरला. आत्यानं पाय आणखी घट्ट आवळले.

"अरं, तुमी कुनी बी न्हाई! पारू! पारू, तू धर!"

खिडकीशी जमलेल्या बायकांनी तोंडाला पदर लावले. नवऱ्यानं बायकोचं नाव असं भर रस्त्यात, उखाणा नाही की काही नाही, एखाद्या दोस्ताला हाक मारावी तसं घेतलं! एकदा नव्हे, दोनदा! दिवसभर जिला कुणी सून म्हणत होतं, कुणी नवरी, कुणी मंदाकनी, तिला तिच्या नावानं हाक मारणारा एक माणूस या गावात निघाला होता, आणि तो फळीखाली उलटा पडला होता. तिला हसू आलं आणि त्याच वेळी रडूही आलं. तिनं चुडा मागं सारला आणि हात खाली घातला.

"कुटं धरू?"

"ही दोन टोकं. चिमटीत. भिऊ नगं, सा व्होल्टची हाय, मुंगी बी मरायची न्हाई."

पारूनं चिमूट दाबली. मोटार उजळली. बाहेर "आगाऽऽ!" तिनं घाबरून चिमूट सोडली. अंधार. बाहेर "आरारारा!" पारूच्या ध्यानात आलं आणि तिच्या डोक्यात जे काही वारं शिरलं ते विचारू नका. तिनं पुन्हा दाबली. आगाऽऽ! सोडली. आरारारा! सगळं उरवडं तिच्या दोन बोटांत आलं होतं. बहिरूनं ते ओळखलं आणि हलगीवर एक ठेका टाकला. पारूनं त्या ठेक्यावर चिमूट दाबली. मोटार ठेक्यात लुकलुकायला लागली आणि लेझीमवाल्यांना पार वेड लागलं.

"पारू, धर!" एक लेझीमवाला ओरडला.

"पारूवैनी, सोडा!" दुसरा ओरडला. मग काय, घरापर्यंत निम्मं गाव "धर" म्हणत होतं आणि निम्मं "सोड" म्हणत होतं, आणि कुशाबा मोटारीच्या तळाशी बसून, बाशिंग काढून हातात घेऊन, आ वासून बायकोकडं बघत होता.

"लई भारी धरतीस," तो म्हणाला. नवऱ्याकडून हे पारूचं पहिलं कौतुक.

दाराशी माप ओलांडून झालं, देवापुढं गाठ सुटली. मग रंभाआत्यानं तांदळाचं ताट मांडलं, अंगठी काढली आणि पाच सवाष्णींना हाक दिली. पारूचा जीव पुन्हा टांगणीला लागला. तिनं कुशाबाला हळूच सांगायला तोंड उघडलं, तर तो कुठाय? मोटारीकडं पळालेला. सवाष्णीही तिकडंच. घरात उरल्या आत्या, पारू आणि ताट.

"ह्या भवान्या गेल्या कुटं?" म्हणत आत्या तरातरा अंगणात गेली. पारू मागोमाग. सवाष्णी मोटारीभोवती उभ्या राहून एकमेकींना सांगत होत्या, कमळ कसं फुललं आणि महिरप कशी झळकली.

"आत्ये, तू बघितलंस न्हवं?" कुणीतरी विचारलं. "लांबनं तर लईच झाक दिसत हुतं!"

रंभाआत्यानं विझलेल्या मोटारीकडं पाहिलं. बघणार कुठून? ती सबंध वाट आत बसली होती, तीही दिवे लागले की डोळे गच्च मिटून. गावातल्या शेंबड्या पोरानंही पाहिली होती ती रोषणाई, आणि ज्या घरची वरात त्या घरच्या कर्तीनं तेवढी पाहिली नव्हती. तिचं तोंड एवढंसं झालं.

"दाव की मला बी," ती कुशाबाला म्हणाली.

"बॅटरी बसत आलीया, आत्ये. आता लागलं तर लागलं, घटकाभर. नाना, इंजिन चालू करा! वायर कोन धरतंय? बिगीबिगी!"

इंजिन धडधडलं, आणि लगेच खोकायलाही लागलं. आत्या अंगणाच्या पार टोकाला पळत गेली, लांबून बरं दिसतं म्हणून. तिथून वळून तिनं हात उंच केला आणि सुनेला हाक मारायला तोंड उघडलं.

"मंदा... मंदोक... मंदाक..." इंजिननं आणखी एक आचका दिला. आत्याचा धीर सुटला. "ए पारू! पारू गं! धर की लवकर! मला बघू दी!"

"धरली, आत्याबाई!" म्हणत पारू मोटारीत शिरली आणि तिनं चिमूट दाबली. अंगणाच्या टोकाकडून "अगं बया बया बया!" असं ऐकू आलं, आणि आत लालपिवळ्या उजेडात पारू इतक्या मोठ्यानं हसली, की नव्या सुनेनं असं हसायचं नसतं हे सांगायचं रंभाआत्यालाही सुचलं नाही.